नोंदवहीतून पडद्यावर : आरोग्यसेविकांच्या नोंदींचे स्थित्यंतर

गावातल्या आरोग्य उपकेंद्रात शिरले की भिंतीवरच्या तक्त्यांच्याही आधी नजरेत भरते ते नोंदवह्यांचे कपाट. जननक्षम जोडप्यांची वही, गरोदर मातांची वही, प्रसूतीची वही, लसीकरणाची वही, जन्म-मृत्यूची वही, औषधसाठ्याची वही, शिवाय रोजच्या दौऱ्याची दैनंदिनी. कडा झिजलेल्या, पुठ्ठ्याला कापडी पट्टी चिकटवलेल्या या वह्या म्हणजे त्या उपकेंद्राखालच्या गावांची स्मृतीच. गेल्या दीड दशकात या कपाटाशेजारी टॅब्लेट आणि मोबाइल येऊन बसले. वह्यांतील रकाने पडद्यावर उमटू लागले आणि आरोग्यसेविकेच्या कामात एक मोठे स्थित्यंतर सुरू झाले. ते आजही पूर्ण झालेले नाही.

कागद जाऊन यंत्र आले, एवढ्यापुरता हा बदल मर्यादित नाही. वहीची पहिली वाचक ती लिहिणारी आरोग्यसेविकाच असे. उद्या कोणाच्या घरी जायचे, कोणाचा डोस राहिला, कोणाचे दिवस भरत आले, हे तिला त्यातून कळे. पडद्यावर भरलेल्या माहितीचा पहिला वाचक मात्र पुष्कळदा तालुक्याला, जिल्ह्याला किंवा राजधानीत बसलेला असतो. नोंद नेमकी कोणासाठी, या प्रश्नाच्या उत्तरावरच या स्थित्यंतराचे यशापयश बव्हंशी अवलंबून राहिले आहे.

वहीची परंपरा

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालाने भारतातील प्राथमिक आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. प्रसूती आणि बालसंगोपन यांसाठी सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम, ही कर्मचारी याच काळात गावपातळीवर पोहोचली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने एकेका रोगासाठी वेगळा कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची कल्पना पुढे आणली आणि एएनएमची ‘महिला आरोग्य कर्मचारी’ झाली. महाराष्ट्रात ती आरोग्यसेविका या नावाने ओळखली जाते. गावाच्या तोंडी ती ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’ असते.

सपाट प्रदेशात ५ हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सर्वसाधारण निकष आहे. एवढ्या लोकसंख्येतील प्रत्येक गरोदर स्त्री, प्रत्येक अर्भक, कुटुंबनियोजन करू इच्छिणारे प्रत्येक जोडपे आणि आता मधुमेह व रक्तदाबाचे रुग्णही तिच्या कक्षेत येतात. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ तिच्या मदतीला आली. मदतीबरोबर नोंदीही वाढल्या. प्रत्येक नव्या कार्यक्रमाने आपली एक नवी वही किंवा नवा तक्ता आणला. जुना मात्र क्वचितच परत नेला.

या वह्यांतून दोन वेगवेगळी कामे होत. पहिले काम शुश्रूषेचे. अमुक स्त्रीचा रक्तदाब मागच्या भेटीत किती होता, हिमोग्लोबिन किती होते, लोहाच्या गोळ्या तिने खाल्ल्या का, हे पुढच्या भेटीत समोर असावे म्हणून ठेवलेली ती नोंद. दुसरे काम अहवालाचे. महिन्याअखेर किती नोंदण्या, किती प्रसूती, किती लसीकरणे झाली, याची बेरीज करून ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायची. पहिल्यात एक माणूस असतो, दुसऱ्यात संख्या. संगणकीकरणाचा विचार सुरू झाला तो बहुधा दुसऱ्या कामापासून आणि पुढच्या अनेक अडचणींचे बीज तेथेच पडले.

चौदा कप्प्यांची पिशवी

कागदी पद्धत म्हणजे केवळ वह्यांचा ढीग, असा समज चुकीचा ठरेल. लसीकरणासाठी आरोग्यसेविकांना दिलेली मागोवा पिशवी हे त्याचे उत्तम उदाहरण. भिंतीला टांगायच्या या साध्या पिशवीला चौदा कप्पे असतात. बारा कप्पे बारा महिन्यांचे; तेराव्यात गाव सोडून गेलेल्या वा दगावलेल्या मुलांची आणि चौदाव्यात सर्व लसी पूर्ण झालेल्या मुलांची पत्रके. माता-बाल संरक्षण कार्ड आईकडे राहते आणि त्याचा स्थळभाग या पिशवीत जातो. बाळाला सहाव्या आठवड्याची लस टोचली की दहावा आठवडा ज्या महिन्यात येतो त्या महिन्याच्या कप्प्यात पत्रक सरकवायचे. पुढे चौदावा आठवडा, मग गोवर-रुबेलाचा नववा महिना, मग बूस्टर डोस.

महिना उजाडला की त्या कप्प्यातली पत्रके काढली म्हणजे लसीकरण सत्राची यादी तयार. महिना संपताना कप्प्यात उरलेली पत्रके म्हणजे डोस चुकलेली मुले. वीज नको, नेटवर्क नको, परवलीचा शब्दही नको. आज ज्याला संगणकाच्या भाषेत स्मरणसूचना म्हणतात ते काम ही पिशवी निमूटपणे करीत आली. तिची मर्यादा एवढीच की ती एका उपकेंद्राच्या भिंतीवर टांगलेली असते. मूल दुसऱ्या गावी गेले की पत्रक तेराव्या कप्प्यात जाते आणि तेथून पुढे त्या मुलाचे काय झाले हे कोणालाच कळत नाही.

कागदाची दुसरी ताकद म्हणजे तो पाहताक्षणी बोलतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होऊन अतिजोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल आणि जोखीम नसलेल्या मातेच्या कार्डावर हिरवे स्टिकर लावण्याची पद्धत आहे. मध्यरात्री कळा सुरू झालेली बाई अनोळखी रुग्णालयाच्या दारात उभी राहिली, तरी ते लाल स्टिकर तेथल्या परिचारिकेला थांबवते. कागदाची जागा घेणाऱ्या कोणत्याही साधनाने निदान एवढे करावे, ही किमान अपेक्षा.

आरंभीचे प्रयोग

भारतात सामुदायिक शुश्रूषेच्या नोंदींना संगणकाची जोड देण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. हरियाणातील बल्लभगड येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात १९८८ पासून गावांतील कुटुंबांची माहिती संगणकात ठेवली जाऊ लागली. हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो तो तेथल्या देवाणघेवाणीमुळे. आरोग्य कर्मचारी घरभेटींतून नोंदी आणत, त्या संगणकात जात आणि संगणकातून कोणाला कोणती सेवा द्यायची याची यादी कर्मचाऱ्यांच्या हाती परत येई. दिलेली माहिती कामाची यादी होऊन परतत असल्याने ती नीट देण्यात कर्मचाऱ्यांचाही लाभ होता.

१९९० च्या दशकात अ‍ॅपल कंपनीच्या संशोधकांनी राजस्थानातील आरोग्यसेविकांसाठी ‘न्यूटन’ या हातात मावणाऱ्या संगणकावर नोंदी घेण्याची रचना करून पाहिली. त्यावरचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच १९९८ मध्ये कंपनीने न्यूटनचे उत्पादनच थांबवले. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यात एएनएमच्या हाती पीडीए देण्याचा प्रयोग झाला. यंत्राचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर आणि प्रकल्पाचे आयुष्य निधीवर अवलंबून असते; गरोदर मातांची नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची असते. उपकेंद्रातली पंचवीस वर्षांपूर्वीची वही आजही उघडून वाचता येते, हे या संदर्भात विसरून चालत नाही.

वहीकडून पोर्टलकडे

देशव्यापी पातळीवर २००८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे आरोग्य व्यवस्थापन माहिती पोर्टल सुरू झाले. त्यात आरोग्य संस्थांचे मासिक आकडे भरले जात. व्यक्तीचे नाव त्यात नव्हते. २००९ च्या अखेरीस आलेल्या माता व बालक मागोवा प्रणालीने, म्हणजे ‘एमसीटीएस’ने, प्रथमच प्रत्येक गरोदर स्त्री आणि प्रत्येक बाळ यांची नावानिशी नोंद करण्याचे ठरवले. याच सुमारास गुजरातने ‘ई-ममता’ ही प्रणाली आणली.

एमसीटीएसची कल्पना उत्तम होती, पण वाट लांबची होती. आरोग्यसेविका वहीत लिही, त्यावरून वेगळा नमुना भरी, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याला जाई, तेथील डेटा एन्ट्री ऑपरेटर तो संगणकात भरी आणि मग सेवा द्यायच्या लाभार्थींची छापील यादी परत गावाकडे यायची. या साखळीत एक कडी अडली तरी यादी हाती पडेपर्यंत तिच्यातल्या तारखा उलटून गेलेल्या असत. यादीवर विसंबायचे की आपल्या वहीवर, असा प्रश्न पडला की अनुभवी आरोग्यसेविका वहीच निवडी आणि ते योग्यही होते.

एमसीटीएसच्या पुढची पायरी म्हणून प्रजनन व बाल आरोग्य पोर्टल, म्हणजे ‘आरसीएच’ पोर्टल, आले. त्याच्या जोडीने पात्र जोडपे, माता आणि बालक यांच्या नोंदी सलग ठेवणारी एकत्रित नोंदवहीही आली. २०१६ मध्ये ‘अनमोल’, म्हणजे एएनएम ऑनलाइन, हे अ‍ॅप सुरू झाले. मधला ऑपरेटर वगळून आरोग्यसेविकेनेच टॅब्लेटवर नोंद करायची, नेटवर्क नसले तरी नोंद यंत्रात साठवायची आणि जाळ्यात आल्यावर ती पुढे पाठवायची, अशी त्याची रचना आहे. त्यानंतर असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी वेगळे अ‍ॅप, क्षयरुग्णांसाठी २०१२ पासून चालत आलेले ‘निक्षय’, आणि लसीकरणासाठी ‘यू-विन’ अशी भर पडत गेली. यू-विनची चाचणी २०२३ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते देशभरासाठी खुले झाले. वह्यांच्या कपाटाच्या जागी अ‍ॅपचे कपाट उभे राहिले, अशी तक्रार यातूनच पुढे आली. एकाच बाईचे नाव, वय, पत्ता आणि मोबाइल क्रमांक वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये पुन्हा पुन्हा भरावा लागणे हे कागदी काळातल्या दुखण्याचेच नवे रूप आहे.

सासर, माहेर आणि ऊसतोड

इलेक्ट्रॉनिक नोंदीचा खरा लाभ कोठे आहे, हे महाराष्ट्रातील दोन परिचित प्रसंगांवरून स्पष्ट होते. पहिला प्रसंग माहेरच्या बाळंतपणाचा. सून गरोदर राहिली की नोंदणी होते सासरच्या उपकेंद्रात. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते, बहुधा दुसऱ्या तालुक्यात वा जिल्ह्यात. बाळंत तेथे होते, बाळाचे पहिले डोस तेथे होतात आणि ती परत येते सासरी. कागदी पद्धतीत सासरची वही प्रसूतीच्या रकान्यात कोरी राहते, तर माहेरच्या वहीत आधीच्या तपासण्या कोऱ्या राहतात. मधे दुवा एकच, आईजवळचे कार्ड. ते हरवले, भिजले, घाईत घरी राहिले की दुवा तुटला.

दुसरा प्रसंग ऊसतोड कामगारांचा. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एखाद्या स्त्रीच्या गरोदरपणाचा मोठा भाग या काळात येऊ शकतो. गावाकडच्या आरोग्यसेविकेच्या लेखी ती ‘स्थलांतरित’ असते आणि कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्यसेविकेच्या वहीत तिचे नावच नसते. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात आणि त्या दोहोंच्या मधोमध ती बाई निसटते. रक्तक्षय तीव्र असेल, रक्तदाब चढत असेल, तर हे निसटणे जिवावर बेतू शकते.

नोंद व्यक्तीबरोबर चालली पाहिजे ही गरज कागदाने भागत नाही. आरसीएच पोर्टलवरील लाभार्थीचा स्वतंत्र क्रमांक आणि २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत दिला जाणारा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यांचा हेतू हाच आहे. मात्र क्रमांकाने ओळख पटण्यासाठी तो बाईजवळ असावा लागतो आणि दुसऱ्या टोकाच्या आरोग्यसेविकेला तो शोधून पाहता यायला हवा. शोध नावावरून घ्यावा तर महाराष्ट्रात लग्नानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव बदलते, काही घरांत तर पहिले नावही बदलते. माहेरची मंगल सासरी सुनीता झालेली असते. मोबाइल क्रमांक नवऱ्याचा वा दिराचा असतो. परिणामी शोध निष्फळ ठरतो, नवी नोंदणी होते आणि एकाच बाईच्या दोन अर्धवट नोंदी तयार होतात. संगणकाने कपाटांच्या भिंती पाडल्या, तरी ओळख पटवण्याचे काम अखेर विचारपूस करणाऱ्या माणसाकडेच राहते.

दुहेरी नोंदीचा काळ

स्थित्यंतराचा सर्वांत त्रासाचा टप्पा म्हणजे वही आणि टॅब्लेट एकत्र चालू असण्याचा काळ. नवी पद्धत रुळेपर्यंत काही आठवडे दोन्ही ठेवणे शहाणपणाचे असते; त्यामुळे चुका पकडता येतात. पण हा काळ संपवण्याची तारीख ठरलेली नसेल, तर तो वर्षानुवर्षे लांबतो. पर्यवेक्षणासाठी आलेली आरोग्य सहायिका वही मागते, लेखापरीक्षणाला सहीचा कागद लागतो, जिल्ह्याच्या बैठकीत पोर्टलचा आकडा विचारला जातो. मग दिवसा घरभेटी व वहीतली नोंद, आणि संध्याकाळी घरचे आवरून झाल्यावर टॅब्लेटवर तीच नोंद, असा क्रम पडतो.

यात वेळ तर जातोच, शिवाय नोंदीचे मर्मही हरवते. भेटीच्या वेळी समोर बसलेल्या बाईचा रक्तदाब १४० वर ९० दिसला, तर टॅब्लेटने तेथल्या तेथे इशारा देणे अपेक्षित असते. तीच नोंद रात्री नऊ वाजता केली, तर इशारा उमटतो पण बाई समोर नसते. उशिरा केलेली इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणजे महागडा अहवाल. शुश्रूषेचे साधन ती उरत नाही.

जेथे हे स्थित्यंतर नीट पार पडते, तेथे काही गोष्टी समान दिसतात. जुन्या वहीतील चालू असलेल्या नोंदी, म्हणजे सध्या गरोदर असलेल्या माता आणि लसीकरण अपुरे असलेली मुले, आधी भरून घेतल्या जातात. बंद झालेल्या नोंदींच्या मागे लागण्यात शक्ती खर्च होत नाही. एका कार्यक्रमाची वही लेखी आदेशाने बंद केली जाते. पर्यवेक्षकही पडद्यावरच तपासणी करतात. आणि प्रशिक्षण एका सभागृहात एका दिवसात उरकण्याऐवजी उपकेंद्रात, खऱ्या सत्राच्या दिवशी, सरावलेल्या सहकारिणीच्या सोबतीने होते.

रकान्यात न मावणारे

शेवटच्या पाळीची तारीख हा प्रसूतिपूर्व नोंदीचा पाया. तिच्यावरून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस, धरून प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते. पण गावात तारीख सांगितली जाते ती ‘पोळ्यानंतर आठ दिवसांनी’ किंवा ‘संक्रांतीच्या अलीकडे’ अशी. कसलेली आरोग्यसेविका पंचांग डोक्यात ठेवून तारीख काढते आणि वहीच्या समासात ‘पोळ्याच्या सुमारास’ असे लिहून ठेवते. पुढे पोटाच्या वाढीत फरक दिसला, तर तारीख अंदाजाची होती हे त्या दोन शब्दांवरून कळते. पडद्यावरचा रकाना दिवस, महिना, वर्ष मागतो आणि अंदाजाला खात्रीचे रूप देऊन टाकतो.

समासातल्या अशा टिपणांत पुष्कळ काही असे. ‘नवरा पितो’, ‘सासू गोळ्या खाऊ देत नाही’, ‘मागचे मूल तिसऱ्या दिवशी गेले’, ‘दुपारी दोननंतर घरी भेटते’. सामुदायिक शुश्रूषा म्हणजे घराची परिस्थिती ओळखून केलेली शुश्रूषा. त्यामुळे ही टिपणे म्हणजे निम्मी शुश्रूषाच. त्यांना जागा न देणारे अ‍ॅप परिचारिकेला मापे टिपणारी कारकून बनवते.

याच्या उलट टोकाला सक्तीचे रकाने असतात. हिमोग्लोबिनचा आकडा भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसेल आणि त्या दिवशी तपासणीचे साहित्य संपले असेल, तर दोनच मार्ग उरतात. नोंद अर्धवट सोडायची किंवा अंदाजे आकडा भरायचा. मागच्या भेटीचा रक्तदाब पुढच्या भेटीत जसाच्या तसा उतरवण्याचा मोहही येथेच जन्म घेतो. ‘तपासणी झाली नाही, कारण साहित्य नव्हते’ असे लिहिण्याची सोय ठेवणे हे आकड्यांच्या सच्चेपणाचे पहिले पथ्य. त्यामुळे जिल्ह्याचा आलेख थोडा खाली दिसेल. पण कोणत्या उपकेंद्राला काय पुरवायचे, हे जिल्ह्याला त्यावरूनच कळेल.

यंत्र रुसते तेव्हा

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोना लसीकरण सुरू झाले ते ‘को-विन’ या प्रणालीच्या आधारे. प्रणालीतील अडचणींमुळे महाराष्ट्रात पुढच्या दोन दिवसांची सत्रे स्थगित करावी लागली. पुढे त्याच प्रणालीने कोट्यवधी डोसांची नोंद सांभाळली, हेही खरे. यातून मिळणारा धडा साधा आहे. लस तयार, परिचारिका तयार, माणसे रांगेत, अशा वेळी नोंदीचे साधन बंद पडले तरी काम कसे चालू राहील, हे आधी ठरलेले असावे लागते.

त्यामुळे कागद पूर्णपणे हद्दपार करण्याचा हट्ट कोणतीही विचारी आरोग्ययंत्रणा धरत नाही. लसीकरण सत्राचा एकपानी तक्ता, आणीबाणीसाठी कोरे नमुने आणि आईच्या हातातले माता-बाल संरक्षण कार्ड हे कागद राहायला हवेत. पैकी कार्डाचा प्रश्न वेगळा आहे. ते आईच्या मालकीचे असते आणि आपल्या शरीराची व बाळाची माहिती तिला स्वतः उघडून पाहता येते. नोंद सगळीच पडद्याआड गेली, तर जिच्याविषयी ती आहे तीच तिच्यापासून दुरावते.

गोपनीयतेचा प्रश्न

कपाटाला कुलूप लावले की वही सुरक्षित, असा जुना हिशेब होता. तो फार भक्कम नसला, तरी वही चोरणाऱ्याच्या हाती एका उपकेंद्राचीच माहिती लागे. एका परवलीच्या शब्दामागे आता संपूर्ण जिल्हा असू शकतो. आरोग्यसेविकेच्या नोंदींत गर्भपात, कुटुंबनियोजनाची साधने, एचआयव्ही तपासणी, क्षयरोग, घरातला छळ अशा नाजूक गोष्टी असतात. गावात या गोष्टी फुटल्या, तर बाईचे घरात राहणे अवघड होते आणि ती पुन्हा उपकेंद्राची पायरी चढत नाही.

कायद्याने ही काळजी कागदाच्या काळातच घेतली होती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखालील नियमांनुसार गर्भपातासाठी दाखल झालेल्या स्त्रियांची नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज असतो आणि इतर कागदांवर तिचे नाव न लिहिता अनुक्रमांक लिहायचा असतो. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यानेही अशा माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. प्रत्यक्षात मात्र सगळ्यांत मिळून एकच परवलीचा शब्द, तो टॅब्लेटच्या पाठीवर चिकटवलेला आणि घरी मुलाच्या हाती खेळायला दिलेले तेच यंत्र, अशा साध्या सवयींवर गोपनीयता टिकते किंवा ढासळते. प्रत्येकीचे स्वतंत्र खाते आणि गरजेपुरतीच माहिती दिसण्याची मर्यादा हे त्यावरचे उपाय. वहीत चूक झाली तर एक रेघ मारून सही करायची पद्धत होती. पडद्यावरही दुरुस्ती कोणी, केव्हा केली याचा माग राहायला हवा, म्हणजे आरोग्यसेविकेलाही संरक्षण मिळते.

मदतनीस की पहारेकरी?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल निकृष्ट व अपुऱ्या क्षमतेचे आहेत, दुरुस्तीचा भुर्दंड पडतो आणि पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये इंग्रजीत माहिती भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्याच वर्षी हरियाणात आशा कार्यकर्त्यांनी मोबाइलमध्ये बसवायच्या एका अ‍ॅपला विरोध केला, कारण त्यातून आपल्यावर पाळत राहील अशी त्यांची भीती होती. अंगणवाडी सेविका किंवा आशा परिचारिका नसल्या, तरी आरोग्यसेविकेच्या बरोबरीने त्याच घरांत जाणाऱ्या त्या कर्मचारी आहेत आणि प्रश्न तिघींचा एकच आहे. यंत्राने घरभेटीची वेळ, ठिकाण आणि संख्या वर पाठवली, पण घरभेटीसाठी लागणारी माहिती खाली आणली नाही, तर ते मदतनीस न राहता पहारेकरी होते.

याच्या उलट अनुभवही आहेत. गुजरातमधील झगडिया येथे ‘सेवा रूरल’ या संस्थेने आशा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी यांच्यासाठी ‘इमटेको’ हे मोबाइल साधन घडवले. दररोज कोणाच्या घरी जायचे याची यादी, भेटीत विचारायचे प्रश्न आणि गुंतागुंत दिसल्यास काय करायचे याचे मार्गदर्शन त्यातून मिळते. आदिवासी भागात त्याचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास झाला आणि घरभेटी व माता-बालसेवांत सुधारणा दिसल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे गुजरात राज्याने याच धर्तीवर ‘टेको प्लस’ ही प्रणाली राज्यभर नेली. चौदा कप्प्यांच्या पिशवीने जे केले, तेच अधिक विस्ताराने येथे झाले.

परदेशातले एक उदाहरणही येथे बोलके आहे. नेदरलँड्समध्ये योस द ब्लॉक या परिचारकाने २००६-०७ च्या सुमारास ‘ब्यूर्तझोर्ख’ ही घरोघर शुश्रूषा देणारी संस्था सुरू केली. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचे स्वयंशासित गट हे तिचे वैशिष्ट्य. नोंदींसाठी तेथे ओमाहा पद्धती वापरली जाते. अमेरिकेतील ओमाहा शहराच्या गृहभेट परिचारिका संघटनेत १९७० च्या दशकापासून विकसित झालेल्या या पद्धतीत परिसर, मनोसामाजिक, शारीरिक आणि आरोग्यविषयक वर्तन अशा चार विभागांत ४२ समस्या मांडलेल्या असून प्रत्येक समस्येत रुग्णाचे ज्ञान, वर्तन आणि स्थिती यांना १ ते ५ गुण दिले जातात. घराची परिस्थिती, एकटेपणा, उत्पन्न यांना त्यात रीतसर जागा आहे. म्हणजे मराठी वहीच्या समासात जे लिहिले जाई, ते तेथे नोंदीच्या मुख्य भागात आले. ही पद्धती परिचारिकांनी परिचारिकांसाठी घडवली, हे त्यामागचे कारण.

कसोटी

कागदाचा मोह धरून बसणे हा या प्रश्नावरचा तोडगा नाही. माहेरी गेलेली गरोदर मुलगी, फडावर गेलेली ऊसतोड कामगार, वस्ती बदलणारे वीटभट्टीवरचे कुटुंब यांना कपाटातल्या वहीने न्याय दिलेला नाही आणि तो तिला देताही येणार नाही. पण वहीच्या जागी येणाऱ्या साधनाने वहीची कामे आधी शिकून घ्यायला हवीत. ते मराठीत बोलावे, नेटवर्कशिवाय चालावे, एकदा भरलेली माहिती पुन्हा मागू नये, ‘माहीत नाही’ हे उत्तर स्वीकारावे आणि समासाला जागा ठेवावी.

पोर्टलवर किती टक्के नोंदी भरल्या गेल्या, हा आकडा आढावा बैठकीत वाचला जातो. शुश्रूषेच्या दृष्टीने कसोटी वेगळी आहे. सकाळी दौऱ्यावर निघताना ‘आज कोणाच्या घरी जायचे?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आरोग्यसेविकेचा हात कशाकडे जातो, हे पाहावे. तो आपसूक टॅब्लेटकडे गेला, तर स्थित्यंतर झाले असे म्हणता येईल. तोवर त्या कपाटातल्या वह्या रद्दीत घालण्याची घाई कोणी करू नये.